फळ्याशेजारचे नवे साधन

“समजले ना?” असे शिक्षकाने वर्गाला विचारावे आणि “हो, गुरुजी” असे उत्तर एका सुरात यावे, हा शाळेतला रोजचाच प्रसंग होय. पण या उत्तराइतके फसवे उत्तर दुसरे नसेल. पन्नास मुलांच्या त्या एकवटलेल्या आवाजात ज्यांना समजले त्यांचा आवाज असतो, ज्यांना समजल्यासारखे वाटते त्यांचा असतो, आणि ज्यांना काहीच उमगलेले नाही, पण उभे राहून तसे सांगण्याचे धैर्य नाही, त्यांचाही असतो. शिक्षकाला हे ठाऊक नसते असे नाही. परंतु तास संपत आलेला असतो, धडे नेमलेले असतात, परीक्षेचा दिवस ठरलेला असतो. एकेका मुलाजवळ जाऊन त्याच्या मनात काय चालले आहे हे पाहण्यास सवड कोठून आणावी? मग तो हात वर करणाऱ्या चार-पाच मुलांकडे वळतो. ती मुले बहुधा पुढच्या बाकांवरची असतात, त्यांची उत्तरे बहुधा बरोबर असतात, आणि त्यांच्या उत्तरांवर साऱ्या वर्गाचे शिकणे झाले असे मानून धडा पुढे सरकतो.

सहावीचा एक वर्ग डोळ्यांपुढे आणावा. दशांश अपूर्णांकांचा धडा संपला आहे. शिक्षिका फळ्यावर दोन संख्या लिहितात, ०.३५ आणि ०.५, आणि विचारतात, यांत मोठी कोणती? प्रश्न साधा आहे. तरीही ज्यांनी गणित शिकवले आहे त्यांना माहीत असते की, कित्येक मुले ०.३५ ही संख्या मोठी मानतात. का? तर पस्तीस हे पाचांपेक्षा मोठे, म्हणून. ही चूक आळसाची नव्हे, ढिलाईचीही नव्हे. पूर्ण संख्यांच्या राज्यात जो नियम खरा ठरला, तोच मुलाने प्रामाणिकपणे पुढे चालवलेला असतो. अशी चूक मनात घर करून बसली, तर पुढे टक्केवारी, मापन, विज्ञानातील आकडेमोड, सारेच डळमळीत होते. आणि “समजले ना?” या प्रश्नाने ती कधीच बाहेर येत नाही.

आता त्याच वर्गात एक लहानसा बदल कल्पावा. प्रत्येक मुलाच्या हाती पुठ्ठ्याचे एक कार्ड आहे. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची एक आकृती छापलेली आहे, आणि प्रत्येक मुलाची आकृती निराळी. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी अशी चार अक्षरे अगदी बारीक ठशात आहेत. ज्याला जे उत्तर योग्य वाटेल त्याने त्या अक्षराची बाजू वर करून कार्ड समोर धरावे, एवढेच काम. शिक्षिका आपल्या मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवतात, आणि कोणत्या मुलाने कोणते उत्तर दिले हे फोनवर त्यांच्यापुढे उमटते. आकृती प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याच्या कार्डाकडे पाहून उत्तर चोरता येत नाही. मुलांच्या हाती यंत्र नाही, त्यांना वीज लागत नाही, तुटण्याफुटण्याची भीती नाही. साऱ्या वर्गात मिळून फोन एकच, आणि तोही शिक्षिकेचा. ‘प्लिकर्स’ या नावाने हे साधन ओळखले जाते. डिजिटल शिक्षण म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे चकचकीत पडदे आणि लाखोंचा खर्च येतो, त्यांनी हा पुठ्ठ्याचा तुकडा एकदा हाती घेऊन पाहण्याजोगा आहे.

या साधनाने काय साधते? ते शिकवीत नाही. ते दशांशचिन्हाचा अर्थ सांगत नाही. ते केवळ वर्गाचे मौन वाचते. शिक्षिकेला अवघ्या मिनिटभरात कळते की, पन्नासांपैकी बावीस मुले ०.३५ ला मोठी म्हणत आहेत, आणि त्या बावीस जणांत पुढच्या बाकावरचीही दोन-तीन आहेत. आता पुढे जायचे की थांबायचे हा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

निर्णय घेऊन पुढे काय करावे, याचेही एक शास्त्र आहे, आणि ते यंत्राहून जुने आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आपण उत्तम शिकवतो, अशी त्यांची समजूत होती, आणि विद्यार्थीही तसेच म्हणत. परंतु साध्या कल्पनांवरचे प्रश्न विचारून पाहिले तेव्हा त्यांना दिसले की, अवघड उदाहरणे सूत्रांनी सोडवणारे विद्यार्थी मूळ कल्पनेतच चाचपडत आहेत. १९९१ पासून त्यांनी रीत बदलली. व्याख्यान मध्येच थांबवून ते एक प्रश्न विचारीत. प्रत्येकाने आपापले उत्तर नोंदवावे, मग शेजाऱ्याशी वाद घालावा, त्याला आपले पटवावे किंवा त्याचे आपल्याला पटवून घ्यावे, आणि मग पुन्हा एकदा उत्तर द्यावे. ही उत्तरे हात वर करून देता येतात, कार्ड दाखवून देता येतात, हातातल्या लहानशा यंत्राची कळ दाबूनही देता येतात. फरक पडतो तो मधल्या त्या वादाने. ज्याला नुकतेच समजले आहे तो, ज्याला समजलेले नाही त्याला, कित्येकदा प्राध्यापकापेक्षा चांगले समजावतो. कारण आपण कोठे अडखळलो होतो हे त्याला अजून आठवत असते.

शाळेच्या दारात नवे साधन येऊन उभे राहण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९३७ साली आकाशवाणीने शाळांसाठी कार्यक्रम सुरू केले. १९६१ साली दिल्लीतील माध्यमिक शाळांत दूरचित्रवाणीवरून विज्ञानाचे पाठ दाखविण्यास आरंभ झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात, उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. ज्या गावांत धड रस्ता नव्हता तेथील मुलांनी सकाळच्या वेळी आपल्या शाळेत चित्रे हलताना पाहिली. त्या प्रयोगाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दूरवरचा उत्तम शिक्षक खेड्यातल्या वर्गात आणून बसवणे ही काही लहान गोष्ट नव्हती. परंतु या साऱ्या साधनांत एक उणीव सारखीच होती, आणि ती मान्य करण्यात नभोवाणीला संकोच वाटण्याचे कारण नाही. ती बोलत होती, त्यांना ऐकू येत नव्हते. मूल कोठे अडले, कोठे कंटाळले, कोठे चुकीचे समजून बसले, हे ध्वनिक्षेपकापुढे बसलेल्या वक्त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आजच्या डिजिटल साधनांत नवे काही असेल तर ते चित्रांचा झगमगाट नव्हे. त्यांना मुलाचे उत्तर घेता येते, हे नवे आहे.

हे उत्तर घेतल्याने काय घडू शकते, याचा एक काटेकोर पडताळा दिल्लीत झाला आहे. तो जरा विस्ताराने सांगण्याजोगा आहे.

२०१५ साली दिल्लीतील साध्या वस्त्यांमधील तीन केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ नावाच्या संगणकीय अभ्यासक्रमाची परीक्षा घेण्यात आली. एज्युकेशनल इनिशिएटिव्ह्ज या भारतीय संस्थेने तो तयार केला आहे. त्याच्या पोटात ४५,००० हून अधिक प्रश्न साठवलेले आहेत. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान या तीन अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी शाळांतील ६१९ मुले घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटाला शाळा सुटल्यावर या केंद्रांत जाण्याची मोफत संधी मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. चिठ्ठ्या टाकण्याचे कारण उघड आहे. हौशी आणि हुशार मुलेच केंद्रात आली असती, तर श्रेय संगणकाचे की मुलांचे, हे कधीच ठरवता आले नसते.

आरंभी या मुलांची चाचणी घेतली तेव्हा जे दिसले, ते निकालापेक्षाही अधिक विचार करायला लावणारे आहे. सहावीत बसलेले सरासरी मूल गणितात प्रत्यक्षात अडीच इयत्ता मागे होते. नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांचे झाले होते. म्हणजे हे मूल वर्ष संपले की वरच्या वर्गात जात होते, नवी पुस्तके घेत होते, नवा गणवेश चढवीत होते. आणि दरवर्षी मूळ जागेपासून नव्हे, पण पुस्तकापासून आणखी दूर जात होते. शिवाय एकाच वर्गातल्या मुलांमध्ये पाच-सहा इयत्तांचा फरक होता. एकाच बाकावर एक मूल तिसरीच्या वजाबाकीत अडलेले, आणि त्याच्या कोपराला कोपर लावून बसलेले दुसरे आठवीच्या समीकरणाला तयार. अशा वर्गापुढे उभे राहून शिक्षकाने कोणाला शिकवावे? तो सहावीचे पुस्तक शिकवतो, कारण त्याला तेच नेमून दिलेले असते. त्याच्यावर दोष ठेवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

केंद्रातला दिवस दीड तासाचा. त्यातली पंचेचाळीस मिनिटे मूल संगणकापुढे बसे. संगणक प्रथम चाचणी घेऊन मूल नेमके कोठे उभे आहे हे पाही, आणि तेथून शिकवण्यास आरंभ करी. सहावीतल्या मुलाला तिसरीचे गणित येत नसेल, तर त्याला तिसरीचेच गणित मिळे. आणि हे शेजारच्या मुलाला कळण्याचे कारण नव्हते. चूक झाली तर ती कोणत्या प्रकारची आहे हे पाहून पुढचा प्रश्न निवडला जाई. उरलेली पंचेचाळीस मिनिटे बारा-पंधरा मुलांचा घोळका एका साहाय्यक शिक्षकाभोवती बसून अभ्यास करी. हजेरी पूर्ण नव्हती, सरासरी अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास होती.

साडेचार महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली. केंद्राची संधी मिळालेल्या गटाची गणितातील प्रगती दुसऱ्या गटाच्या दुपटीहून अधिक होती, हिंदीतही तो स्पष्टपणे पुढे होता. पण या आकड्यांच्या मागे आणखी एक आकडा दडलेला आहे. ज्यांना संधी मिळाली नाही, त्या गटातील सर्वांत मागे पडलेल्या तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांची त्या साडेचार महिन्यांतील प्रगती जवळजवळ शून्य होती. ती मुले शाळेत जात होती. त्यांची नावे हजेरीपटावर होती. पण वर्गात चाललेले शिकवणे त्यांच्या डोक्यावरून जात होते. नव्या रीतीने सर्वांत मोठा सापेक्ष लाभ झाला तो याच मुलांना.

येथे दोन गोष्टी सांगून ठेवल्या पाहिजेत, नाहीतर या प्रयोगाची जाहिरात होऊन बसेल. पहिली अशी की, मुलांच्या शाळेने घेतलेल्या गणिताच्या परीक्षेत तसा लाभ दिसला नाही. यात नवल नाही. जे मूल तिसरीवरून चौथीला पोहोचले, त्याने प्रत्यक्षात एक इयत्ता ओलांडली. पण प्रश्नपत्रिका सातवीची असेल, तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रगती झाली आणि गुणपत्रिकेवर तिची रेघही उमटली नाही, अशा अवस्थेत आई-बापांनी आणि मुलाने धीर कसा धरावा, हा प्रश्न कोणतेही यंत्र सोडवीत नाही. दुसरी गोष्ट अशी की, केंद्रात संगणक होता तसा माणूसही होता, आणि यशातला कोणाचा वाटा किती हे या प्रयोगातून वेगळे काढता आलेले नाही. साहाय्यक शिक्षक नसता तर मुले त्या पडद्यापुढे किती दिवस टिकली असती, कोण सांगावे!

माणूस आणि योजना नसताना केवळ यंत्रे वाटली तर काय होते, याचे उत्तर दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने महाग किंमत देऊन मिळवले आहे. त्या सरकारने ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या कार्यक्रमात नऊ लाखांहून अधिक संगणक खरेदी केले. ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांत त्याचा परिणाम तपासला गेला. पंधरा महिन्यांनंतर मुले संगणक हाताळण्यात तरबेज झाली होती, मात्र गणिताच्या आणि भाषेच्या चाचणीत काहीही फरक नव्हता. पेटी उघडली गेली, धडा उघडला गेला नाही.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा निघाली की सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. २००९ साली रणजितसिंह डिसले हे तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत गुरांचा गोठा आणि गोदाम यांच्या मध्ये सापडलेली होती. पुढे त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर लहान लहान चौकोनी चिन्हे चिकटवली. आईच्या किंवा वडिलांच्या मोबाईलने ते चिन्ह टिपले की त्या पानावरची कविता ऐकू यावी, पाठाचे चित्र दिसावे, सरावाचे प्रश्न समोर यावेत, अशी ती युक्ती. २०१७ साली राज्याने ही पद्धत साऱ्या इयत्तांच्या पुस्तकांसाठी स्वीकारली. त्याच वर्षीच्या शिक्षकदिनी केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले, आणि अशा चिन्हांची पुस्तके इतर राज्यांतही दिसू लागली. २०२० च्या डिसेंबरात डिसले यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकण्याचे जाहीर केले.

हे चौकोनी चिन्ह मुळात शाळेसाठी जन्मलेले नाही. जपानमधील डेन्सो या मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या उद्योगात मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ते तयार केले, कारखान्यातल्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून. तीन कोपऱ्यांतल्या तीन ठळक चौकटींमुळे ते कसेही धरले तरी यंत्राला त्याची दिशा कळते. आतली माहिती काही अंशी पुन्हा पुन्हा गुंफलेली असल्यामुळे, चिन्हाचा थोडा भाग फाटला वा मळला तरी ते वाचता येते. सर्वांत भक्कम बांधणीत तर सुमारे तीस टक्के भाग बिघडला तरी चालतो. शाईचे डाग, भाजीचा रस आणि दुमडलेली पाने यांनी सजणाऱ्या शालेय पुस्तकाला याहून योग्य चिन्ह मिळाले नसते!

मात्र चिन्हाचे मोल त्याच्यामागे काय ठेवले आहे यावरच ठरते. तेथे पुस्तकातलाच मजकूर कोणी कंटाळवाण्या स्वरात वाचून दाखवला असेल, तर पुस्तक उघडून वाचणेच बरे. मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना या सोयीचा एक निराळाच उपयोग आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा त्याहून दूर कोठे, मूल हिंदी वा इंग्रजी शाळेत जाते. घरी आजीची मराठी कानांवर पडते, पण वाचायला पुस्तक नसते. बालभारतीची पुस्तके आता इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. पहिलीतली कविता चालीवर ऐकत ऐकत वाचलेले मूल दुसरीच्या पुस्तकाकडे आपण होऊन हात पुढे करते, हा अनुभव दुर्मीळ नाही.

वाचनाविषयी बोलताना आणखी एका साधनाचा उल्लेख केला पाहिजे. गूगलने २०१९ साली भारतात ‘बोलो’ नावाचे एक ॲप हिंदी वाचनासाठी आणले. पुढच्याच वर्षी ‘रीड अलाँग’ या नावाने ते मराठीसह इतर भाषांत आले. मूल गोष्ट मोठ्याने वाचते, फोन ऐकतो, आणि ‘दिया’ नावाची पडद्यावरची मुलगी अडलेला शब्द उच्चारून दाखवते. ज्या मुलाच्या घरी वाचन ऐकणारे कोणी नाही, त्याच्यासाठी हे कान मोलाचे आहेत. तरी घरातल्या बोलीत वाचणाऱ्या मुलाचे बरोबर वाचलेलेही यंत्राने चूक ठरवले, तर ते खट्टू होणार. तेथे शेजारी एखादे जाणते माणूस असावे आणि त्याने “यंत्राला कळले नाही, तुझे बरोबर आहे” असे सांगावे, हे इष्ट.

माध्यमिक शाळेतल्या भूमितीच्या शिक्षकाला मात्र एका साधनाचा हेवा वाटावा असे आहे. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन गणितज्ञाने २००१ साली, साल्झबुर्ग येथील विद्यापीठात शिकत असताना, ‘जिओजिब्रा’ निर्माण करण्यास आरंभ केला. शाळांना ते विनामूल्य मिळते. त्यात काढलेला त्रिकोण फळ्यावरच्या त्रिकोणासारखा गोठलेला नसतो. त्याचा शिरोबिंदू बोटाने ओढला की बाजू ताणल्या जातात, कोन बदलतात, आणि ज्या रेषा ज्या नियमाने काढल्या आहेत तो नियम काही त्या सोडत नाहीत.

एक तास असा होऊ शकतो. त्रिकोणाच्या तीन बाजूंचे लंबदुभाजक काढले. ते एका बिंदूत मिळाले, तोच परिकेंद्र. हा बिंदू त्रिकोणाच्या आत आहे. सारी मुले ‘आत’ असेच म्हणतात, कारण फळ्यावर आजवर काढलेला प्रत्येक त्रिकोण डौलदार, लघुकोन असाच होता. आता एक शिरोबिंदू हळूहळू खाली ओढावा. परिकेंद्र सरकू लागतो. एक कोन काटकोन होतो त्या क्षणी तो नेमका कर्णाच्या मध्यावर येऊन बसतो. आणखी जरा ओढले, कोन विशाल झाला, की तो बाजू ओलांडून बाहेर पडतो. वर्गात कुजबूज होते. “बाहेर गेला!” येथे शिक्षकाने यंत्र बंद करावे. आता प्रश्न विचारण्याची वेळ आली. बाहेर का गेला? तीनही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावरचा बिंदू त्रिकोणाच्या बाहेर असू शकतो का? कर्णाच्या मध्यावरच का थांबला? डोळ्यांनी पाहिले म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे. सिद्धतेला वही, पट्टी आणि विचार हेच लागतात. पण सिद्ध करण्याची गरज भासण्यापूर्वी आश्चर्य वाटावे लागते, आणि खडूने काढलेला त्रिकोण ते आश्चर्य देऊ शकत नव्हता.

या साऱ्यात एक गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाही. साधन घरी कोणाच्या हाती लागते? २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण एकाएकी मोबाईलवर गेले, तेव्हा हा प्रश्न उग्र रूपाने पुढे आला. २०२१ सालच्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत आढळले की, घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकीही २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर जायचा. उरलेल्या वेळात थोरल्या भावाच्या परीक्षेचा हक्क आधी. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ज्यांचा स्वतःचा फोन होता, अशांचे प्रमाण मुलग्यांत ३६.२ टक्के, मुलींत २६.९ टक्के होते. आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी त्याचा अभ्यासासाठी उपयोग केला होता, आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. हे आकडे वाचून मुलांना बोल लावण्याचा मोह होतो. मोठ्या माणसांचे आकडे कोणी काढले नाहीत, ही त्यांची सोय आहे.

म्हणूनच ‘घरी जाऊन मोबाईलवर पाहा’ असे सांगून मोकळे होणाऱ्या शिक्षणात आणि ‘वर्गात, सर्वांसमक्ष, एका फोनवर’ चालणाऱ्या शिक्षणात मोठे अंतर आहे. पहिल्यात ज्याच्याकडे साधन त्याला अधिक मिळते. दुसऱ्यात ज्याच्याकडे काहीच नाही तोही पुठ्ठ्याचे कार्ड वर धरून बरोबरीने उत्तर देतो. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातील तंत्रज्ञानावर एक जागतिक अहवाल काढला, तेव्हा त्याच्या नावातच प्रश्न विचारला होता की, हे साधन नेमके कोणाच्या अटींवर? वर्गापुरते उत्तर द्यायचे तर ते शिक्षकाच्या अटींवर असावे. आज शिक्षकाच्या फोनवर ज्या गोष्टी येऊन आदळतात, त्यांत माहिती भरण्याचे तक्तेच अधिक असतात. हजेरी येथे भरा, छायाचित्र तेथे टाका, अहवाल संध्याकाळपर्यंत पाठवा. ज्या यंत्राने त्याला मुलाकडे पाहण्यास वेळ मिळवून द्यायचा, तेच त्याचा वेळ खाऊ लागले, तर त्याने कपाळाला हात लावला यात नवल ते काय!

सहावीच्या त्या वर्गाकडे परत वळावे. बावीस मुलांनी ०.३५ मोठी म्हटल्याचे शिक्षिकेला कळले. त्यांनी कोणाचेही नाव घेतले नाही, बरोबर उत्तरही सांगितले नाही. “शेजाऱ्याशी बोला, त्याला पटवा,” एवढेच त्या म्हणाल्या. वर्गात पाच मिनिटे गलका झाला. कोणी म्हणाले, पाच दशांश म्हणजे पन्नास शतांश. कोणी रुपयाचे पैसे करून दाखवले, पस्तीस पैसे आणि पन्नास पैसे. कोणी पट्टीवर खूण केली. मग कार्डे पुन्हा वर झाली आणि फोन पुन्हा एकदा वर्गावरून फिरला. या वेळी चुकीच्या उत्तरांची संख्या तीनवर आली होती.

घंटा झाली. मुले डबे घेऊन बाहेर धावली. शिक्षिकेने फोनवरची ती तीन नावे पाहिली. त्यांतले एक नाव खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरल्या मुलीचे होते. ती वर्षभर कधी चुकली नव्हती, कारण वर्षभर तिने कधी हातच वर केला नव्हता. ती दप्तर आवरत होती. शिक्षिका तिच्या बाकापाशी गेल्या, शेजारी बसल्या, आणि पट्टी मागून घेऊन म्हणाल्या, “बाळ, मला शून्य आणि एक यांच्या मधले अर्धे कोठे येते ते दाखव पाहू.”